बाराव्या चौकटीतले आकडे

चंडीगड,
१२ सप्टेंबर १९८७

आदरणीय बाई,

अक्षर ओळखलंत का? मी सुमेधा पाटणकर. कराडहून आलेली, मालवणात येईपर्यंत समुद्र न पाहिलेली तुमची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. आता आडनाव टिळेकर. नऊ वर्षांत एकही पत्र लिहिलं नाही आणि आज लिहितेय तेही कामासाठी, याची लाज वाटते.

माझे यजमान श्रीनिवास हवाई दलात आहेत. लेहला सामान पोचवणारी विमानं इथून उडतात, त्यावर ते असतात. चार वर्षं झाली इथे येऊन. मुलगी शर्वरी सात वर्षांची आहे. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत देते. मी सेक्टर ३४ मधल्या एका सरकारी माहिती केंद्रात आहे. जगात कुठल्या विषयावर किती संशोधन छापलं जातं, ते वाढतंय की घटतंय, याचे अहवाल आम्ही करतो. यंदा माझ्या वाट्याला विषय आला कंटकचर्मी प्राण्यांचा. सी अर्चिन, तारामासे, समुद्रकाकड्या. गेल्या तीस वर्षांतल्या प्रत्येक निबंधाचं एक कार्ड करायचं आणि मग ती कार्डं मोजायची. विद्यापीठाच्या ग्रंथालयात सूचीचे खंड आहेत, तिथे सकाळी जाते. समुद्रापासून हजार किलोमीटरहून लांब बसून मी तारामासे मोजते, हे ऐकून तुम्हाला हसू येईल.

तुमच्या केंद्रातून छापून आलेल्या सगळ्या निबंधांची यादी मला मिळेल का? बाकी विशेष काही नाही, नेहमीचं सरकारी काम आहे.

इथली काळजी करू नका. वर्तमानपत्रात वाचता तसं रोज आमच्या दारात घडत नाही. बसमध्ये चढताना पिशव्या उघडून दाखवायच्या, बॉम्बच्या भीतीने बेवारस ट्रान्झिस्टरला हात लावायचा नाही, एवढं शर्वरीलासुद्धा पाठ आहे.

माझ्या वर्गातला चारुदत्त अजून तुमच्याकडेच असतो का? केंद्राची फेलोशिप त्याला मिळाली तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही.

तुमची,
सुमेधा


मालवण,
२ ऑक्टोबर १९८७

प्रिय सुमेधा,

अक्षर ओळखलं. तुझा ‘ण’ अजूनही ‘ग’सारखाच दिसतो.

पत्र सरकारी आहे की घरचं, ते मला ठरवता आलं नाही, म्हणून दोन्ही धरून उत्तर देते. यादी सोबत आहे. अठरा वर्षांत अकरा निबंध. त्यातले चार अशा वार्षिकांत आहेत जी छापणाऱ्यांनीही वाचली नसतील. तुझ्या खंडांत तुला फार तर पाच सापडतील. माझा बहुतेक वेळ निबंधात गेला नाही, किनाऱ्याच्या खडकांत, खडपावर गेला. तुला आठवत असेल. बारा चौकटी, प्रत्येक चौकट एक मीटर बाय एक मीटर, कोपऱ्यांवर लोखंडी खिळे. पावसाळा सोडून दर महिन्याच्या मोठ्या ओहोटीला त्या चौकटींतले काळे अर्चिन मोजायचे. किती जिवंत, किती मृत, किती नवे. एकोणीसशे एकोणसत्तरच्या ऑक्टोबरपासून आजवर मोजते आहे. ते कुठे छापलं नाही. छापण्यासारखं त्यात काय आहे? दर वर्षी अर्चिन होते, एवढंच.

चारुदत्त दोन वर्षांत बँकेत गेला. दिवाळीला भेटकार्ड पाठवतो.

मी एकसष्ट वर्षांची झाले. केंद्रावर आता मी आणि विश्राम, दोघंच. तो तुला आठवेल, आमचा शिपाई, पहारेकरी आणि होडीवाला. होडी मात्र विकली. माझे गुडघे कुरकुरतात, पण खडपावर अजून त्याच्या खांद्याला धरून उतरते.

मुलीला मराठीत बोलायला लाव. रागावून नको, ऐकवून ऐकवून.

रत्नप्रभा आजगावकर


चंडीगड,
२० नोव्हेंबर १९८७

आदरणीय बाई,

तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. त्यानंतर तुमच्यापासून काही लपवणं जमेना, म्हणून आधी खरं सांगते.

हा अहवाल नुसता अहवाल नाही. दिल्लीतल्या एका समितीने तो मागवला आहे. किनाऱ्यावरच्या तीन लहान केंद्रांपैकी कुठलं चालू ठेवायचं आणि कुठलं बंद करायचं, ते त्यांना ठरवायचंय. प्रत्येक केंद्राचे निबंध किती आणि जगाच्या संशोधनाचा ओघ कुठे चाललाय, ही दोन कोष्टकं त्यांना हवीत. तुमचं केंद्र त्या तिघांत आहे. मी हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. धीर झाला नाही.

ओघ मला आता दिसतो. खोकीच्या खोकी कार्डं झाली आहेत. आमच्या विभागातले गुरनाम सिंग ती लावतात. ते टायपिस्ट, पन्नाशीचे, अतिशय नीटनेटके गृहस्थ. आता तेही मला विचारतात, “मॅडम, ये समुद्री खीरा किस खाने में?” जुन्या कार्डांत नुसती नावं आहेत. कुठल्या बोटीच्या जाळ्यात कुठला नवा तारामासा सापडला, त्याला किती बाहू. मग हळूहळू सगळे अर्चिनच्या अंड्याकडे वळले. ते अंडं काचेसारखं आरपार दिसतं, हजारो अंडी एकाच वेळी फुटतात, त्यामुळे जीव एका पेशीपासून कसा वाढतो हे पाहायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. आता तर त्यातली प्रथिनं मोजतात. दर विभाजनाच्या वेळी नाहीसं होणारं एक प्रथिन चार वर्षांपूर्वी सापडलं, त्यावर कार्डांचा पाऊस आहे. अर्चिनच्या समुद्राबद्दल, तो राहतो कुठे आणि खातो काय, याबद्दल लिहिणारे कमी कमी होत गेले. या कोष्टकात तुमचं केंद्र कुठेच बसत नाही, बाई. पाच कार्डं.

पण १९८३ नंतर एक वेगळाच गठ्ठा आहे. त्या वर्षी कॅरिबियन समुद्रातले लांब काट्यांचे काळे अर्चिन मरू लागले. पनामापासून सुरुवात झाली आणि वर्षभरात सगळीकडचे बहुतेक गेले. शेवाळ खाणारं कुणी उरलं नाही, म्हणून प्रवाळांवर शेवाळ माजलं. जगभरचे लोक त्यावर लिहू लागले. आणि त्या निबंधांत पुन्हा पुन्हा एकच खंत वाचायला मिळते, की मरण्याआधी ते किती होते हे फार थोड्या जागी कुणी मोजून ठेवलं होतं.

तुम्ही मोजून ठेवलंय. मला तुमच्या वह्या पाठवाल का? मी त्यांचं कोष्टक करून अहवालाला जोडते. कदाचित उपयोग होईल.

तुमची,
सुमेधा


मालवण,
८ डिसेंबर १९८७

प्रिय सुमेधा,

समितीचं मला ठाऊक होतं. ऑगस्टमध्येच दिल्लीहून पत्र आलं, त्यात तुमच्या माहिती केंद्राचा उल्लेख होता. मग सप्टेंबरात तुझं पत्र. दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली आणि म्हटलं, पोर स्वतःहून सांगते का पाहू. सांगितलंस, बरं वाटलं.

कॅरिबियन अर्चिनचं मी वाचलं होतं, पण ती बाब माझ्या वह्यांशी जोडून पाहायला सुचलं नाही. तुम्ही लांब बसलेली माणसं कधी कधी जास्त पाहता.

वह्या पार्सलने पाठवते आहे. सतरा आहेत. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची वही नाही. एका पावसाळ्यात छप्पर गळलं तेव्हा भिजून लगदा झाली. त्या वर्षाची जागा मोकळी ठेव, चालेल.

शर्वरीसाठी अर्चिनचं एक रिकामं कवच कापसात गुंडाळून ठेवलं आहे. काटे गळलेलं, मुठीएवढं. त्यावरच्या टेंगळांच्या रांगा तिला मोजायला सांग.

रत्नप्रभा


चंडीगड,
१४ जानेवारी १९८८

आदरणीय बाई,

पार्सल मिळालं. कसं मिळालं ते आधी सांगते.

सेक्टर १७ च्या मोठ्या पोस्टातून फोन आला की तुमच्या नावावर एक पार्सल आहे, ओळखपत्र घेऊन या. वह्या जड असतील म्हणून गुरनाम सिंगजी सोबत आले. पोचलो तर पार्सलच्या खिडकीपाशी वाळूच्या पोत्यांचा आडोसा, मागे पोलीस, आणि पार्सल अंगणात मधोमध एकटंच ठेवलेलं. कुणीतरी दाबून पाहिलं होतं, आत काहीतरी गोल आणि टणक लागलं, वर खडबडीत. तुमचं कवच, बाई. बॉम्बवाले येऊन उघडून गेले होते, त्यामुळे जीवाची भीती संपली होती. संशय वह्यांचा उरला होता.

इन्स्पेक्टर तरुण होता. मला खुर्ची दिली. गुरनाम सिंगजींना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि त्यांची झडती घेतली. मी म्हटलं, हे माझ्या ऑफिसचे आहेत, पार्सल माझं आहे. तो म्हणाला, “आप बैठिये, मॅडम.”

मग त्याने एक वही उघडली. “हर पन्ने पर लिखा है, मृत तीन, मृत पाँच, मृत दो. कौन मरा है?”

मी सांगितलं, समुद्रातले काटेरी प्राणी. त्याने कवच हातात घेतलं, वळवून पाहिलं. मग सगळ्या वह्या चाळल्या, एकही न सोडता. शेवटी विचारलं, “अठारह साल से कोई इनको गिन रहा है?”

“जी.”

“किसलिए?”

मी कॅरिबियनचं सांगितलं. त्याने नीट ऐकलं. “यहाँ तो आदमी की गिनती भी अगले दिन बदल जाती है,” असं म्हणून त्याने सही घेतली आणि वह्या दिल्या. गुरनाम सिंगजींना कुणी काही बोललं नाही. त्यांनी टेबलावरचं आपलं पेन आणि पाकीट उचललं, वह्यांचा गठ्ठा घेतला, आणि आम्ही बसस्टॉपपर्यंत आलो. मी म्हटलं, माझ्यामुळे तुम्हाला हे झालं. ते म्हणाले, “आपकी वजह से नहीं हुआ. किताबें भीग जाएँगी, शॉल दीजिये.” भुरभुर पाऊस होता.

आता दुसरं. हे पान मी तीनदा फाडलं आहे.

कोष्टक झालं. सुरेख झालं. आमचे प्रमुख कोहलीसाहेब फार खूश आहेत. त्यांना खुपतं ते फक्त मधलं मोकळं वर्ष. म्हणाले, समितीत एक संख्याशास्त्रज्ञ आहेत, ते म्हणतील ही एक मालिका नाही, दोन तुटके तुकडे आहेत. आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची सरासरी भरून टाका, बारीक अक्षरात ‘अंदाजे’ लिहा. माझी कायम नेमणूक एप्रिलमध्ये व्हायची आहे, हेही त्यांनी त्याच वाक्यात आठवून दिलं.

बाई, ती वही भिजली नाही ना?

त्या वर्षी मोजायला मी होते. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मी खरे मोजले. नोव्हेंबरात बाराव्या चौकटीपाशी पाय घसरला आणि लाटेने मला कमरेपर्यंत ओढलं. कसं बाहेर आले आठवत नाही. मला पोहता येत नव्हतं. वर्गातल्या सगळ्या मुली किनाऱ्यावरच्या, त्यांच्यासमोर भीती वाटते म्हणायची लाज वाटली. डिसेंबरपासून मार्चपर्यंत मी सुरूच्या झाडांखाली बसले आणि आकडे मनाने लिहिले. आधीच्या महिन्याच्या आकड्यात एक मिळवायचा, दोन वजा करायचे. चार महिने. एप्रिलमध्ये समुद्र शांत होता, तेव्हा पुन्हा उतरले.

हे आजवर मी श्रीनिवासलाही सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. तो म्हणाला, वही गेलीच आहे तर तू कशाला उकरून काढतेस? मलाही क्षणभर तसंच वाटलं. तुमच्या पत्रात ‘लगदा झाली’ हे शब्द वाचून मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. मग लक्षात आलं की अठरा वह्यांतली नेमकी तीच भिजावी हे फार सोयीचं आहे, आणि तुम्ही कधी सोयीचं बोलत नाही.

सुमेधा


मालवण,
३० जानेवारी १९८८

सुमेधा,

वही भिजली नाही. माझ्या कपाटात आहे.

मला कळलं ते जानेवारी अठ्ठ्याहत्तरमध्ये. खऱ्या मोजणीत आकडे उड्या मारतात. पंधराचे एकदम बावीस होतात, बाविसाचे नऊ. तुझे आकडे एका रांगेत शहाण्या मुलांसारखे चालले होते. विश्रामला विचारलं. तो म्हणाला, “बाईनू, ता चेडू खडपार उतराकच नाय. वर बसान लिवता.” मी दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला स्वतः गेले. बाराव्या चौकटीचे दोन खिळे लाटेने उपटून नेले होते आणि त्यांच्या भोकांत शेवाळ धरलं होतं, म्हणजे महिना तरी झाला असणार. तुझ्या वहीत मात्र डिसेंबरच्या बाराव्या चौकटीपुढे एकोणीस लिहिलेले होते.

त्या दिवशी मी बाराही चौकटी पुन्हा मोजल्या. फेब्रुवारीत आणि मार्चमध्येही, तू मोजून आलीस म्हणालीस की दुसऱ्या दिवशी मी जायची. ती वही आणि त्या तिन्ही महिन्यांचे माझे कागद सोबत पाठवते. हे खरे आकडे. डिसेंबर गेला तो गेला. तो कुणालाच आणता येणार नाही.

तुझं नाव मी फेलोशिपसाठी दिलं नाही, त्याचं कारण हे होतं. तुला वाटलं असेल, लग्न होऊन जाईल ही मुलगी म्हणून दिलं नसेल. तसं नव्हतं.

पण सगळं सांगायचं तर मी काही न्यायाधीश नव्हते. विश्रामने मला नोव्हेंबरातल्या लाटेबद्दलही सांगितलं होतं. तू घाबरली आहेस हे मला माहीत होतं. मी तुला बोलावून विचारलं नाही. मनात म्हटलं, स्वतः येऊन सांगेल. तू आली नाहीस, मीही बोलले नाही, आणि तुला चांगल्या गुणांनी पास करून पाठवून दिलं. माझ्या हाताखालची एक चांगली विद्यार्थिनी मी असल्या अबोल्यात घालवली. वही लपवली ती तुझ्यासाठी, असं डिसेंबरात मला वाटत होतं. आता वाटतं, थोडी माझ्यासाठीही.

कागदांचं काय करायचं ते तू ठरव. वापरलेस तर दोन वेगळ्या अक्षरांत दोन वेगळे आकडे का, हे समिती विचारणार. नाही वापरलेस तर मी काही म्हणणार नाही. केंद्रासाठी तू स्वतःचं नुकसान करावंस असं माझं म्हणणं नाही.

रत्नप्रभा


चंडीगड,
२ एप्रिल १९८८

आदरणीय बाई,

दोन महिने उत्तर दिलं नाही, कारण मी रागावले होते. तुमच्यावर. दहा वर्षं मी स्वतःला चोर समजत आले, आणि तुम्हाला दुसऱ्याच महिन्यापासून माहीत होतं. माझ्या मागून जाऊन तुम्ही मोजत होता. एकदा हाक मारली असतीत तर? तेव्हा मी रडले असते, पण दुसऱ्या दिवशी तुमच्या मागून उतरले असते. मला तसं वाटतं. खात्री नाही.

राग एका सकाळी ग्रंथालयात ओसरला. सूचीचा खंड समोर होता आणि मी कार्ड लिहीत होते. कुठल्याशा बेटाजवळ कुणी वीस वर्षं तारामासे मोजले होते, आणि निबंधाच्या शेवटी लिहिलं होतं की मधल्या दोन वर्षांची नोंद विश्वासार्ह नाही, सबब वगळली. एवढंच. वाचताना मला त्या माणसाबद्दल वाईट वाटलं नाही, उलट बाकीच्या अठरा वर्षांवर विश्वास बसला. मग मी तुमचे कागद काढले.

अहवालाच्या जोडपत्रात असं लिहिलं आहे: ‘डिसेंबर १९७७ ते मार्च १९७८ या काळात मूळ वहीतले आकडे प्रत्यक्ष मोजणीचे नाहीत. ते प्रस्तुत लेखिकेने, त्या वेळी विद्यार्थिनी असताना, मनाने लिहिले होते. जानेवारी, फेब्रुवारी व मार्चचे इथे दिलेले आकडे केंद्राच्या प्रमुखांनी स्वतंत्रपणे मोजलेले आहेत. डिसेंबरची नोंद उपलब्ध नाही.’

कोहलीसाहेबांनी ते वाचून मला बोलावलं. “मिसेस टिळेकर, ये रिपोर्ट है, कन्फेशन नहीं.”

मी म्हटलं, यातलं प्रत्येक वाक्य आकड्यांबद्दलच आहे.

“आपको कौन पूछ रहा था?”

“कोई नहीं, सर.”

त्यांनी पान परत माझ्यापुढे सरकवलं. वाईट माणूस नाही. म्हणाले, मी हे खोडणार नाही, पण तुमच्या नेमणुकीच्या फायलीवर काय शेरा येईल ते माझ्या हातात नाही.

टंकलेखन गुरनाम सिंगजींनीच केलं. त्या परिच्छेदापाशी थांबून त्यांनी मला विचारलं, “मॅडम, ये पक्का?” मी पक्का म्हटलं. त्यांनी मशीनमध्ये नवा कागद घातला, कार्बन नीट बसवले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “मेरे पिंड में आजकल सबको मालूम है किस रात क्या हुआ. लिखता कोई नहीं.” त्यांचं गाव तरणतारणकडे आहे. गेल्या महिन्यात ते आईला तिथून मोहालीला घेऊन आले. ती अंगणातल्या कडुलिंबाला धरून बसली होती, निघायला तयार नव्हती, एवढंच त्यांनी सांगितलं. त्यापुढे मी विचारलं नाही. मग वाटलं, पुन्हा तेच करते आहे, आणि विचारलं. ते अर्धा तास बोलले.

अहवाल काल दिल्लीला गेला.

सुमेधा


मालवण,
१८ ऑक्टोबर १९८८

प्रिय सुमेधा,

तू रागावलीस ते योग्यच होतं, त्यावर मी काही स्पष्टीकरण देणार नाही.

केंद्र ३० सप्टेंबरला बंद झालं. समितीने तिन्हींपैकी एकच ठेवलं, जिथे अर्चिनच्या अंड्यांवर काम चालतं ते. ओघ तिकडे आहे, हे तूच दाखवलं होतंस, आणि ते खरं आहे. तुझ्या जोडपत्राबद्दल त्यांनी एक ओळ लिहिली आहे, ‘नोंदी जतन करण्याजोग्या आहेत.’ कपाटं, सूक्ष्मदर्शक आणि माझं टेबल कॉलेजात गेलं. वह्या मी घरी आणल्या. विश्रामला कॉलेजाने ठेवून घेतलं, ही एक चांगली गोष्ट झाली.

तुझा अहवाल वाचून मद्रासहून एका संशोधकाचं पत्र आलं. मी मोठ्या उत्सुकतेने उघडलं. त्याला खडकात खिळे कसे बसवायचे ते हवं होतं. आकड्यांबद्दल एक शब्द नाही. मी चार पानं उत्तर पाठवलं.

ऑक्टोबरची मोजणी झाली नाही. गुडघ्यात पाणी झालं आहे, डॉक्टरांनी खडप बंद केलं. एकोणीस वर्षांनी पहिल्यांदा ऑक्टोबर कोरा गेला. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लागलं.

तुझ्या नोकरीचं काय झालं ते तू लिहीत नाहीस, म्हणजे चांगलं झालं नसावं.

रत्नप्रभा


चंडीगड,
५ नोव्हेंबर १९८८

आदरणीय बाई,

माझी नेमणूक एक वर्ष पुढे ढकलली. ‘वैयक्तिक मजकूर समाविष्ट केल्याबद्दल’ ताकीद मिळाली. त्याहून जास्त काही नाही, आणि त्याने माझी झोप उडालेली नाही. कोहलीसाहेबांनी पुढचा विषय दिला आहे, गव्हावरचा तांबेरा.

तुमचं पत्र वाचून मी आणि श्रीनिवासने कॅलेंडर काढलं. त्याला जानेवारीत सुट्टी मिळते आहे. २१ तारखेची पौर्णिमा, २२ ला रविवार, सकाळची ओहोटी मोठी असणार. आम्ही तिघं येतो. मी इथल्या तरणतलावात दोन उन्हाळे पोहायला शिकले आहे, हे तुम्हाला कधी लिहिलं नव्हतं. शर्वरीबरोबर शिकले. तलावातलं पोहणं समुद्रात कितपत कामी येतं ते मला माहीत नाही.

मोजणी मी करेन. तुम्ही वर बसा.

सुमेधा


मालवण,
२९ जानेवारी १९८९

प्रिय सुमेधा,

तुम्ही सुखरूप पोचल्याची तार मिळाली. दिल्लीहून पुढची बस दोन तास अडवली होती, असं श्रीनिवासरावांनी लिहिलं आहे. पोचलात, बस.

तू खडपावर असताना मला वरून काय दिसलं ते तुला सांगायचं राहिलं. सहाव्या चौकटीपर्यंत तू विश्रामचा हात धरून होतीस. सातव्यापाशी सोडलास. शर्वरी माझ्याजवळ बसून तुझ्या आवाजामागे “इक्कीस, बाईस” करत होती. मी म्हटलं, एकवीस, बावीस. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढचे आकडे दोन्ही भाषांत म्हणायला लागली, म्हणजे प्रत्येक अर्चिन दोनदा मोजला जात होता. नशीब की वही तुझ्याकडे होती. अकराव्या चौकटीपाशी लाट कमरेपर्यंत आली तेव्हा तू थांबलीस. बराच वेळ थांबलीस. श्रीनिवासराव उठले, मी त्यांना बसा म्हटलं. मग तू बाराव्यावर गेलीस.

त्या चौकटीचे खिळे अठ्ठ्याहत्तरमध्ये मीच पुन्हा ठोकले होते. अजून घट्ट आहेत हे तू सांगितलंस, बरं वाटलं.

तुझे आकडे मी शाईने उतरवून घेतले. बाराव्या चौकटीत एकतीस. मागच्या जानेवारीत तिथे चौदा होते. एकतीस जरा जास्तच वाटतात.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी ओहोटी तशीच, पुन्हा मोजता येण्याइतकी चांगली होती. विश्राम सकाळी काठी घेऊन दारात आला. म्हणाला, “बाईनू, जावचा?”

मी त्याला चहा दिला. आम्ही घरीच बसलो.

तुझी,
रत्नप्रभा